पोस्त, बोनस आणि टीप : उल्हासनगर ते बदलापूर

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. आपल्या घरांत दिवाळी होत नाही, पण बोनस दिवाळीलाच मिळतो, त्यामुळे पगारपत्रकापुरता या सणाशी आपला संबंध राहतोच. अशा एका रविवारी सकाळी आम्ही कल्याणला बदलापूर लोकल धरली. आम्ही म्हणजे आम्ही उभयता, नववीत शिकणारी आमची मुलगी आणि आमचे मामा. मामांचे वय आता ७४ आहे. बदलापूरला आमची थोरली बहीण, अक्का, राहते. तिच्याकडे दुपारच्या जेवणाला जायचे होते. मुलीला शाळेसाठी 'आपला परिसर' या विषयावर प्रकल्प लिहायचा होता, म्हणून वाटेत उल्हासनगर आणि अंबरनाथला उतरायचे ठरले. बेत परिसर पाहण्याचा होता, पण दिवसभर बोलणे झाले ते बक्षिसीवर. त्याला कारण घडले बडीशेपेच्या बशीत ठेवलेल्या वीस रुपयांच्या एका नोटेचे.

विठ्ठलवाडी गेले, उल्हासनगर आले. मामा या गावाला अजून 'कॅम्प' म्हणतात आणि ते चूक नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या या माळावर लष्कराने सैनिकांसाठी छावण्या उभारल्या. युद्ध संपले, फाळणी झाली, आणि रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आणून ठेवण्यात आले. सुमारे एक लाख माणसे होती ती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. शेजारून उल्हास नदी वाहते, तिच्यावरून हे नाव. नाव पडले तरी एक ते पाच नंबरचे कॅम्प पत्त्यात राहिले ते राहिलेच. रिक्षावाला आजही "कितवा कॅम्प?" असेच विचारतो.

मामा या गावात १९७२ च्या दुष्काळात आले, नगर जिल्ह्यातून, एकवीस वर्षांचे असताना. पहिली सहा वर्षे त्यांनी येथल्या बाजारात हमाली केली. कापडाच्या गाठी, फर्निचर, पत्र्याच्या ट्रंका, मिळेल ते उचलले. गोल मैदानाकडे जाताना रिक्षातून हात बाहेर काढून ते आम्हाला दुकाने दाखवीत होते. येथे अमुक शेठ बसायचा, तेथे तमुक. गावातून येताना मामांनी ऐकले होते की सिंधी माणूस भीक मागत नाही. येथे त्यांनी पाहिलेही तसेच. घरदार गमावून आलेल्या या लोकांची मुले गाडीत बिस्किटे, गोळ्या, कंगवे विकत, पण हात पसरीत नसत. "मला त्यांचं ते फार आवडायचं," मामा म्हणाले. "पण त्याच लोकांच्या दुकानात आम्ही हमाल मात्र रोज हात पसरीत होतो. गाठ उचलायचे पैसे ठरलेले नव्हते. शेठ देईल ते. शेठ खुशीत असला तर रुपया जास्त. घरी भांडून आला असला तर रुपया कमी. त्याच्या घरी बायकोशी भांडण झालं की परिणाम आमच्या चुलीवर!"

हमाल आणि माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ सालीच कायदा केला होता. मजुरीचे दर ठरावेत, पैसे मंडळामार्फत मिळावेत, रजा आणि भविष्य निर्वाह निधी असावा, असे त्यात आहे. देशात अशा कामगारांसाठी झालेला हा पहिला कायदा म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पण मामांची टोळी कोठे नोंदलेली नव्हती. त्यामुळे कायदा मुंबईच्या बाजारात होता आणि मामा कॅम्पात होते.

रविवारी सकाळी उल्हासनगरात यावे आणि दाल-पकवान खाऊ नये असे होत नाही. मैद्याची कुरकुरीत तळलेली मोठी पुरी, तिच्यावर घट्ट शिजवलेली चण्याची डाळ, वर चिंचेची चटणी आणि कांदा. आम्ही एका छोट्या उपाहारगृहात बसलो. वाढणारा मुलगा विशीचा असेल, बोलण्यावरून परभणीकडचा वाटला. हसतमुख होता, डाळ न मागता पुन्हा वाढली. बिल झाले २४० रुपये. ते बडीशेपेच्या बशीत आले, पैसे दिले, आणि उठताना पत्नीने बशीत वीस रुपयांची नोट ठेवली.

मामांनी ती उचलली.

"मामा, ती त्या मुलासाठी आहे," पत्नी म्हणाली. "माहीत आहे. आधी विचारू दे." मामांनी मुलाला जवळ बोलावले आणि खालच्या आवाजात विचारले, "पोरा, पगार किती रे?" मुलाने गल्ल्याकडे एकदा पाहिले. "नऊ हजार, आजोबा." "हातात?" "हातात पाच. चार हजारांची टीप होते असं शेठ धरतो. टीप धरून नऊ." मामांनी नोट त्याच्या खिशात ठेवली. बाहेर आल्यावर म्हणाले, "त्या पोराला वीस रुपये दिले असं तुला वाटतं. ते तू शेठला दिलेस."

पत्नीला हे पटले नाही. तिचे म्हणणे, मग काय देऊ नये? न दिले तर पोराचेच चार हजारांचे साडेतीन होतील. मामांपाशीही याला उत्तर नव्हते, नाहीतर त्यांनी नोट परत खिशात कशाला घातली असती! वाचकहो, हा पेच आमच्याही घरात आहे आणि तुमच्याही असेल. मोठ्या हॉटेलांनी तर काही वर्षांपूर्वी बिलातच 'सेवा शुल्क' लावायला सुरुवात केली होती. ते सक्तीने लावता येणार नाही असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते योग्य ठरवले. गिऱ्हाईक सुटले. पण वाढणाऱ्या मुलाचा पगार त्याने ठरत नाही.

तो पगार ठरवायला खरे म्हणजे दुसरा कायदा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. किमान वेतनाचे विधेयक त्यांनी १९४६ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. महाराष्ट्रात हॉटेले आणि खानावळींना किमान वेतन लागू आहे. बशीतली नोट मोजून पगार पुरा करावा असे त्या कायद्यात लिहिलेले नाही. मुलीने प्रकल्पाच्या वहीत पहिली नोंद केली ती ही. गोल मैदान राहिलेच.

उल्हासनगर स्टेशनात गाडीला वेळ होता. बाकावर बसलो तेव्हा मुलीने विचारले, "टीप हा शब्द आपला का?" नाही. टीप इंग्रजांची, आणि बक्षीस फारसीतून आलेले. बक्षणे म्हणजे देणे, आणि माफ करणेसुद्धा. देणाऱ्याची मर्जी त्या शब्दातच आहे. आपल्या मराठीत दिवाळीला नोकराचाकरांना, पोस्टमनला, न्हाव्याला जे देत त्याला 'पोस्त' म्हणत. शिवाय खुशाली आहे, चहापाणी आहे, चिरीमिरी आहे. चहापाणी आणि चिरीमिरी तर इतके बदनाम झाले की आता ते शब्द लाचेलाच लागतात. इंग्लंडातही अठराव्या शतकात सरदाराच्या घरी पाहुणचार घेऊन निघताना दारात रांगेने उभ्या असलेल्या नोकरांच्या हातावर पैसे ठेवावे लागत. एवढा उपद्रव झाला की काही ठिकाणच्या सरदारांनी मिळून ही प्रथा बंद करण्याचे ठराव केले.

पण ज्या देशाची गोष्ट मुलीने वहीत उतरून घेतली तो देश अमेरिका. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिले आणि ते अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी निग्रोंना गुलामीतून सोडवले होते. हे आपल्या घरांत ठाऊक असते. सुटल्यानंतर त्या माणसांचे पुढे काय झाले हे कमी ठाऊक असते. १८६० च्या दशकात जॉर्ज पुलमन नावाच्या कारखानदाराने झोपून प्रवास करायचे ऐषारामी डबे काढले. त्या डब्यांत बिछाने घालायला, बूट पुसायला, सामान उचलायला त्याने मुद्दाम काळी माणसे नेमली. बरीचशी गुलामीतून नुकतीच सुटलेली. पगार अगदी थोडा दिला, बाकी प्रवाशांच्या बक्षिसीवर सोडले. प्रवासी त्या सगळ्यांना 'जॉर्ज' अशी हाक मारीत. मालकाचे नाव तेच नोकराचे, जसे गुलामीत असे. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या कामगारांनी संघटना उभारली आणि बारा वर्षे झगडून १९३७ साली कंपनीशी करार केला. पगार वाढला, कामाचे तास कमी झाले.

आणि तरीही त्या देशात बक्षिसी गेली नाही. टीप घेणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात, असा तेथला केंद्रीय नियम १९९१ पासून आहे तसाच आहे. इतरांचे किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर. मधले अंतर टीपमधून भरून निघावे, न निघाल्यास मालकाने भरावे, असा हिशेब. काही राज्यांनी आपल्यापुरता तो मोडला आहे. मामांनी हे ऐकले आणि एवढेच म्हणाले, "म्हणजे कॅम्पातला शेठ अमेरिकेला जाऊन शिकून आलाय."

अंबरनाथला पूर्वेला उतरलो. वालधुनी नदीच्या काठचे शिवमंदिर मुलीला प्रकल्पासाठी हवे होते. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख त्यावर आहे आणि शिलाहार राजा मम्मुणीचे नाव त्यात येते. आम्ही काही दर्शनाला गेलो नव्हतो, कोरीव काम बघायला गेलो होतो, आणि ते बघण्यासारखे आहे. भिंतीवर बोटभर जागा मोकळी नाही. नदीची आजची अवस्था मात्र लिहवत नाही.

बाहेर चपला सांभाळणारी बाई बसली होती. "किती?" म्हणून विचारले तर म्हणाली, "काय द्याल ते." मामा आमच्याकडे पाहून हसले. काय द्याल ते! आमच्या आज्याच्या तोंडी हेच असे, हमालांच्या तोंडी हेच असे. आतल्या पुजाऱ्यापुढच्या ताटातही लोक आपल्या मर्जीने टाकतात, पण तेथे टाकणारा वाकतो. एकाच आवारात पन्नास पावलांवर दोन्ही चालले होते. वर दिले की दक्षिणा, खाली दिले की बक्षीस आणि बरोबरीत दिले की आहेर, नोट तीच. पेशवाईत श्रावणात पुण्याला पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई, तिचा खर्च लाखांच्या घरात जात असे. इंग्रजांनी ती कमी करीत करीत शेवटी शिक्षणाकडे आणि पुस्तकांच्या बक्षिसांकडे वळवली. त्याच काळी आपल्या आज्या-पणज्यांना काय मिळत होते ते पुढे बदलापूरला येईलच.

अंबरनाथ हे आमच्या मामांचे खरे गाव. येथे एकेकाळी विम्कोचा काडेपेटीचा कारखाना होता. तो गेला, तरी विम्को नाका राहिला. संरक्षण खात्याचे कारखाने आहेत आणि औद्योगिक वसाहतीत रसायनांचे, औषधांचे, इंजिनिअरिंगचे शेकडो. त्यांपैकी एका रासायनिक कारखान्यात मामा १९७८ साली लागले आणि एकतीस वर्षांनी निवृत्त झाले. कारखान्याचे नाव येथे देत नाही, मालकही आता हयात नाहीत.

"पहिल्या दिवाळीला आम्हाला ऑफिसच्या दारात रांगेत उभं केलं," मामा सांगू लागले. "मालक खुर्चीवर, शेजारी मिठाईची चळत. एकेकाने जायचं, वाकायचं, पुडा आणि पाकीट घ्यायचं. पाकिटात एकशे एक रुपये. मी बाहेर येऊन म्हटलं, वा, बोनस मिळाला! आमच्यातला एक जुना माणूस होता, तो म्हणाला, येड्या, हा बोनस नव्हं, ही पोस्त. बोनस म्हणजे महिन्याचा पगार." दुसऱ्या वर्षी कामगारांनी युनियन केली. तिसऱ्या दिवाळीला रांगेत कोणी उभे राहिले नाही. पुडे दोन दिवस ऑफिसात पडून राहिले, मुंग्या लागल्या. सहा जणांना कामावरून काढले, त्यांतले दोघे परत घेतले गेले नाहीत. पण त्या वर्षापासून पगारपत्रकावर बोनसचा रकाना आला. मामांनी ते पत्रक अजून ट्रंकेत ठेवले आहे.

बोनस या शब्दामागे साठ वर्षांचे भांडण आहे. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांना अमाप नफा झाला आणि महागाई भडकली. तेव्हा १९१७ पासून गिरणीमालकांनी पगाराशिवाय जादा रक्कम देण्यास सुरुवात केली. काही वर्षे दिली आणि १९२३ ची दिली नाही. १९२४ च्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्या संपाने बंद पडल्या. सरकारने मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने सांगितले की बोनसवर कामगारांना हक्क सांगता येणार नाही. म्हणजे ती मालकाची खुशी, दिली तर दिली. पुढे १९५० साली कामगार अपील न्यायाधिकरणाने नफ्यातल्या शिलकीत कामगाराचा वाटा मानला आणि १९६५ साली बोनसचा कायदा झाला. नफा होवो न होवो, वर्षाच्या पगाराचे किमान ४ टक्के द्यायचेच, हे त्यात आले. सत्तरच्या दशकात ते ८.३३ टक्के झाले, आणीबाणीत कापले गेले आणि १९७७ साली परत मिळाले. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, बरोबर एक महिना. मामांच्या त्या जुन्या माणसाचे गणित चुकलेले नव्हते. हा कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला आहे.

यात एक गोष्ट आपल्याकडून सांगायला हवी. बोनस पगाराच्या प्रमाणात मिळतो. आणि गिरणीत ज्या विणकाम खात्यात पगार चांगला, तेथे अस्पृश्य कामगाराला घेतच नसत. कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे, मग विटाळाचे काय, हे कारण. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उभा केला होता. हक्काचा बोनस मिळाला असता तरी आपल्या माणसाचा तो आधीच कमी झालेला होता.

दुपारच्या गाडीने बदलापूर. नावाविषयी येथे एक कथा सांगतात की प्रवासी येथे घोडे बदलीत, म्हणून बदलापूर. खरीखोटी कथा असो, आम्हाला तिच्यात एक माणूस दिसतो जो कथेत नाही. घोडा बदलायचा तर त्याला गवत कोणी आणायचे? साहेबाची चूल पेटवायला लाकूड कोणी फोडायचे? पुढच्या गावची वाट दाखवायला, सामान डोक्यावर घ्यायला कोण? महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात याचे उत्तर एकच होते. घाटावर बलुत्याची घडी पक्की होती, कोकणपट्टीत ती तेवढी भरलेली नव्हती, पण महार आणि त्याची वेठ गावोगाव होतीच.

आमचे आजोबा नगर जिल्ह्यात वेसकर होते. संध्याकाळी घुंगराची काठी आपटीत दारोदार भाकरी गोळा करायला जात. त्यांच्या लेखी ती भाकरी हक्काची होती. बलुते म्हणजे केलेल्या कामाचा वाटा, बिदरच्या बादशहाने बावन्न हक्क दिले अशी कथा ते अभिमानाने सांगत. पण भाकरी वरून टाकली जाई, घोंगडीच्या झोळीत, अंगाला अंग न लागू देता. नाव हक्काचे आणि देण्याची रीत भिकेची. आमच्या वडिलांनी एकदा लहानपणी आजोबांना विचारले होते की हक्क असेल तर आपण "वाढा माय" का म्हणतो? आजोबांनी त्यांना त्या दिवशी जेवू दिले नाही. मग स्वतःही जेवले नाहीत.

बाबासाहेबांनी नेमके येथेच बोट ठेवले. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी शिळे-उष्टे मागणे आणि मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा असे सांगितले. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू केले आणि महार वतनावर त्यात लिहिले. आणि त्याच १९२७ साली ते या बदलापुरात आले होते! येथील शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. मामा बदलापूरला शंभर वेळा आले असतील, त्यांनाही हे ठाऊक नव्हते. स्टेशनाच्या पुलावर ते जरा थांबले.

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यांचा मुद्दा कुटुंबातल्या बायकापोरांनाही कळणारा होता. वतनदार महार सरकारचा नोकर, पण पगार नाममात्र, बाकी गावाने द्यावे. कामाला तास नाहीत. तो घरी नसेल तर बाप, भाऊ, बायको यांना बोलावले जाते. गावाशी वाकडे आले की बलुते बंद. विधेयक पुढे गेले नाही आणि ते मागे घ्यावे लागले. वतन जायला १९५८ चा कायदा आणि १ फेब्रुवारी १९५९ हा दिवस उजाडावा लागला. तोवर बाबासाहेब नव्हते. आमच्या आजोबांनी घुंगराची काठी त्याआधीच, धम्मदीक्षेनंतर, विहिरीत टाकली होती असे घरात सांगतात.

अक्काने सुक्या बोंबलाचे कालवण आणि बाजरीच्या भाकऱ्या केल्या होत्या. अक्का ५८ वर्षांची आहे. बदलापूरला आता जिकडे तिकडे मनोरे उभे राहिले आहेत. फाटकाशी रखवालदार, दुचाकीवरून जेवणाचे डबे पोचवणारी पोरे, आणि सकाळी सातला रांगेने आत जाणाऱ्या बायका. त्या पोरांना टीप द्यायची का, हे आता फोनच विचारतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांचा पहिल्यांदा उल्लेख आला, एवढेच. सातच्या रांगेत अक्का असते. तीन घरी स्वयंपाक करते.

जेवताना तिने एक वही दाखवली. आमच्या घरात लिहिण्याची सवय बाबासाहेबांमुळे, हिशेबाची सवय गरिबीमुळे. वहीत प्रत्येक घराचे एक पान, महिन्याचा पगार, खाडे, आणि शेवटी 'दिवाळी'. पहिल्या घरी दरवर्षी एक पगार. दुसऱ्या घरी अर्धा, पुढच्या महिन्यात उरलेला. तिसऱ्या घरी यंदा एक वापरलेली साडी आणि लाडवांचा डबा मिळाला. अक्काने डबा तेथेच उघडून पाहिला. लाडू वासाळले होते.

"मी डबा ओट्यावर ठेवला," अक्का म्हणाली. "म्हटलं, ताई, साडी राहू द्या, लाडूही राहू द्या. मला पगार द्या, तीन हजार. वर्षाचा एक देतात सगळे. ताई म्हणाल्या, हे आम्ही खुशीने देतो, तो काही हक्क नाही." १९२४ सालचा मॅक्लाउड साहेबांचा निकाल त्या बाईंनी वाचलेला असण्याचा संभव नाही, पण शब्द तेच! आणि कायद्याने त्या चूकही नव्हत्या. बोनसचा कायदा साधारण वीस कामगार असलेल्या आस्थापनांना लागतो, घराला लागत नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. त्यात नोंदणी आहे, मदतीच्या योजना आहेत, दिवाळीचा पगार नाही.

"मग?" "मग काय. पहिल्या तारखेपासून येऊ नका म्हणाल्या."

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मामांनी सिगालाची गोष्ट काढली. ते वर्षावासात विहारात वाचन करतात. दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगालाला भगवान बुद्धांनी त्या दिशांचा अर्थ सांगितला. त्यांत खालची दिशा नोकराचाकरांची. मालकाने त्यांना झेपेल तेवढेच काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात सेवा करावी, वेळच्या वेळी सुट्टी द्यावी, आणि घरात काही विशेष चवीचे केले तर त्यातला वाटा द्यावा. "विशेष चवीचं," मामा दोनदा म्हणाले. "वासाळलेलं नव्हे. आणि वेतन आधी सांगितलंय, लाडू नंतर."

मुलीला मात्र हिशेब कळत नव्हता. तिने विचारले, "आत्या, मग नुकसानच झालं ना? साडी नाही, लाडू नाही, कामही गेलं."

"झालं ना. महिन्याला तीन हजारांचं," अक्का म्हणाली आणि भात वाढू लागली. तिसऱ्या घराच्या पानावर तिने 'दिवाळी' समोर काही लिहिलेले नाही. दुसऱ्या एका मनोऱ्यात बाई हवी आहे असे ऐकले आहे. सोमवारी ती विचारायला जाणार होती, आणि पगाराबरोबर दिवाळीचे पहिल्याच दिवशी बोलून घेणार होती.

चारच्या गाडीला निघालो. दारात अक्काने मुलीच्या हातावर शंभराची नोट ठेवली. दिवसभर जे ऐकले त्याने मुलगी बावचळली होती, तिने हात मागे घेतला.

"आत्या, हे कसले?"

"कसले म्हणजे? आत्याचे आहेत, घे," अक्का म्हणाली, आणि तिची मूठ मिटवली.